लव्हाळा : त्याची ओळख, त्याचा बंदोबस्त व त्याची खरी जागा

बागायती जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यास लव्हाळ्याची ओळख करून द्यावयास निघालें तर तो हंसेल. खुरपें हातीं धरल्या दिवसापासून तो ह्या तणाशीं झगडत आलेला असतो. तरीही आम्ही ह्या अंकीं हाच विषय घेत आहों. कारण असें कीं, लव्हाळ्याचा जो भाग रोज डोळ्यांपुढें असतो तो त्याच्या एकंदर देहाचा अगदीं थोडा भाग होय. आणि जो भाग दिसत नाहीं त्याच्या स्वभावाकडे दुर्लक्ष करून घेतलेली मेहनत पुष्कळदां लव्हाळ्याच्याच पथ्यावर पडते. मजुरी खर्चीं पडते, आठ दिवस रान स्वच्छ दिसतें, आणि महिना लोटतो न लोटतो तोंच पूर्वीपेक्षां दाट लव्हाळा उभा राहतो. हें कां होतें व त्यावर उपाय कोणता, हा ह्या लेखाचा मुख्य विषय आहे. त्याच्या जोडीस, लव्हाळ्याच्या कुळांतील इतर वनस्पतींचें निसर्गांत व बागेंत काय स्थान आहे हेंही शेवटीं थोडक्यांत सांगूं. कारण एक जण वैरी निघाला म्हणून त्याचें सगळें कूळच वैरी समजणें शहाणपणाचें नव्हे.

तुकारामबुवांनीं लव्हाळ्यास नम्रतेच्या दृष्टांताचा मान दिला, तो पुरापुढें लवण्याच्या त्याच्या गुणामुळें. दृष्टांत यथार्थ आहे. परंतु शेतकऱ्यानें त्यास एक पुस्ती जोडली पाहिजे. लव्हाळा नुसता लवतो म्हणून वांचतो असें नाहीं. त्याची सारी शिल्लक जमिनीखालीं गांठींच्या रूपानें सांठविलेली असते, म्हणून वांचतो. वरचीं पानें पुरानें नेलीं, जनावरानें खाल्लीं किंवा खुरप्यानें कापलीं, तरी ती शिल्लक जागच्या जागीं राहते. ह्या शिल्लकेचा हिशेब ज्यानें केला नाहीं त्याचें शेत लव्हाळ्यापासून मोकळें होणें कठीण.

गवताहून निराळें कूळ

पुष्कळ लोक लव्हाळ्यास गवतच म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तें बरोबर नाहीं. ज्वारी, बाजरी, भात, ऊंस, हरळी, कुंदा हीं सर्व तृणकुलांतील. लव्हाळा मात्र मुस्ता-कुलांतील. ह्या दुसऱ्या कुलांत जगभर मिळून सुमारें ५,५०० जाती मोजल्या जातात, आणि त्यांतील बहुतेक ओलसर किंवा पाणथळ जागीं राहणाऱ्या आहेत. आपल्या शेतांत त्रास देणारा लव्हाळा, ज्यास कोठें मोथा तर कोठें नागरमोथा म्हणतात, त्याचें शास्त्रीय नांव सायपेरस रोटुंडस असें असून तें लिनियस ह्या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं दिलें.

ओळखण्याची खूण सोपी आहे. फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून पाहावा. गवताची काडी बहुधा गोल असते व बोटांत सहज फिरते. तिला पेरें असतात आणि पुष्कळ गवतांत दोन पेरांमधील भाग पोकळ असतो. लव्हाळ्याचा दांडा तीनधारी असल्यामुळें बोटांस कडा लागतात. त्यास पेरें नसतात व तो आंतून भरीव असतो. पानांची मांडणीही निराळी. गवताचीं पानें काडीच्या दोन बाजूंस ओळीनें निघतात. लव्हाळ्याचीं तीन बाजूंस.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा आहे असें कोणी समजूं नये. बाजारांत मिळणाऱ्या तणनाशक औषधांपैकीं कांहीं केवळ तृणकुलांतील तणांवर चालतात. लव्हाळा दिसावयास गवतासारखा म्हणून असें औषध त्यावर फवारलें तर पैसा जातो, हंगाम जातो, आणि आजूबाजूचें गवत मेल्यामुळें लव्हाळ्यास मोकळी जागा मात्र मिळते.

जमिनीखालचा संसार

आतां एका गांठीचा जन्मक्रम पाहूं. ही गांठ हरभऱ्यापासून लहान बोराएवढी असते. तिच्यावर काळसर तपकिरी, तंतुमय साल असते. फोडली असतां आंत पांढरी व सुवासिक निघते. ओल व उष्णता मिळतांच तिचा डोळा फुटून कोंब वर चढतो. भुईच्या पृष्ठाच्या किंचित् खालीं तो फुगून लहानसा कंद बनतो. ह्या कंदापासून वर पानें, खालीं मुळें आणि बाजूंस आडवे धुमारे निघतात. कांहीं धुमारे थोड्या अंतरावर वर वळून नवीन रोप उभें करितात. कांहीं टोंकाशीं फुगून नवी गांठ बनवितात. त्या गांठींतून पुन्हा धुमारा, त्याच्या टोंकास पुन्हा गांठ, अशी माळ तयार होत जाते. कोंब वर आल्यापासून साधारणपणें तीन ते सहा आठवड्यांत नव्या गांठी धरूं लागतात. बहुतेक गांठी वरच्या सहा इंचांत असतात. कांहीं फूटभर किंवा त्याहूनही खालीं सांपडतात. लव्हाळ्यास बीं येतें, पण तें फार थोडें उगवतें. सारांश, ह्याचा वंश वाढतो तो गांठींवर.

ह्या माळेचा एक विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एका माळेंतील सर्व गांठी एकदम फुटत नाहींत. टोंकाकडील एखादी फुटते आणि बाकीच्यांस दाबून ठेविते. शेंडा शाबूत असेपर्यंत बगलेचे डोळे निजून राहतात आणि शेंडा खुडला कीं ते फुटतात, हा अनुभव शेतकऱ्यास झाडांच्या बाबतींत आहेच. तोच नियम येथें जमिनीखालीं चालतो. कुळवाच्या पासेनें, नांगराच्या फाळानें किंवा रोटाव्हेटरच्या पात्यांनीं माळ तुटली कीं प्रत्येक तुकडा स्वतंत्र होतो, दाब निघून जातो, आणि जेथें एक कोंब होता तेथें चार येतात. शिवाय अवजाराबरोबर तुकडे शेतभर पसरतात तें निराळेंच.

ज्यांस हें स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्यांनीं दोन कुंड्या घ्याव्या. एकींत पांच गांठींची अखंड माळ जपून पुरावी. दुसरींत तसल्याच पांच गांठी सुट्या करून पुराव्या. दोहोंस सारखें पाणी द्यावें व तीन आठवड्यांनीं कोंब मोजावे. बहुधा सुट्या गांठींच्या कुंडींत कोंब अधिक दिसतील. शाळेंत जाणाऱ्या मुलांकडून हा प्रयोग करविल्यास त्यांसही जन्माची आठवण राहील.

गांठींचा हिशेब

लव्हाळा किती आहे हें पानें पाहून ठरवूं नये. शेतांत चार-पांच ठिकाणीं एक फूट लांब, एक फूट रुंद व नऊ इंच खोल खड्डा घेऊन माती चाळावी आणि जिवंत गांठी मोजाव्या. समजा, सरासरी २० गांठी निघाल्या. गुंठ्यास १,०८९ चौरस फूट आणि एकरास ४३,५६० चौरस फूट. म्हणजे त्या एकरांत ८,७१,२०० गांठी झाल्या. आतां असें धरूं कीं मालकानें मोठी मेहनत करून दहांपैकीं नऊ गांठी मारल्या. हें लहान काम नव्हे. तरी चौरस फुटास दोन, म्हणजे एकरांत ८७,१२० गांठी उरल्याच. पुढील हंगामांत त्यानें हात आंखडला आणि प्रत्येक गांठीनें केवळ दहा नव्या गांठी केल्या, तर चौरस फुटास पुन्हा वीस! अनुकूल स्थितींत एका गांठीपासून तीन महिन्यांत शंभराच्या आसपास गांठी झाल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. तेव्हां दहा हा आंकडा आम्ही फुगवून धरलेला नाहीं.

एक वर्ष जोर करून दुसऱ्या वर्षीं स्वस्थ बसणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च कां वांयां जातो, ह्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे. लव्हाळ्याची लढाई दोन-तीन वर्षांची आहे असें मनाशीं ठरवूनच तींत उतरावें. शेत मोठें असेल तर सर्व शेतांत अर्धवट काम करण्यापेक्षां दरसाल एक तुकडा घेऊन तो पुरता हातावेगळा करणें किफायतीचें.

हा त्रास आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. होम व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७७ सालीं जगांतील अत्यंत वाईट तणांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पहिलें स्थान लव्हाळ्यास दिलें; तो ९० हून अधिक देशांत व ५२ पिकांत तण म्हणून आढळल्याची नोंद त्यांनीं केली. त्याचा जोर उघड्या, सारा दिवस ऊन लागणाऱ्या, वरचेवर पाणी मिळणाऱ्या जमिनींत अधिक. म्हणूनच कांदा, लसूण, मिरची, हळद व लहानपणींचा ऊंस ह्या पिकांत तो विशेष माजतो. कांद्याची पात सरळ उभी व विरळ. तिची सावली पडत नाहीं. लव्हाळ्याचा कोंब पिकाच्या आधीं वर येतो व पहिल्या खताचा आणि पहिल्या पाण्याचा वांटा उचलतो. पहिले सहा-आठ आठवडे पीक त्याच्या तावडींत राहिलें तर पुढें कितीही खुरपणी केली तरी गेलेली वाढ भरून येत नाहीं.

तो शेतांत येतो कोठून

घरांत शिरलेला चोर धरण्यापूर्वीं दार लावणें बरें. लव्हाळ्याच्या गांठी बहुधा पुढील वाटांनीं येतात. उपटलेला लव्हाळा उकिरड्यावर टाकतात. तो तेथें मरत नाहीं व शेणखताबरोबर परत शेतांत येतो. रोपवाटिकेंतून आणलेल्या फळझाडांच्या पिशव्यांच्या मातींत गांठी असतात. तळ्याच्या किंवा बंधाऱ्याच्या कांठचा गाळ आणून पसरतात, त्यांत असतात. भाड्यानें आणलेल्या नांगरास किंवा रोटाव्हेटरला चिकटलेल्या मातीबरोबर येतात. पाटाच्या व ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहून येतात. तेव्हां अवजार बांधावरच धुऊन घ्यावें; गाळाची मूठभर माती आधीं कुंडींत भिजवून महिनाभर ठेवावी; आणि उपटलेला लव्हाळा खडकावर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवून जाळावा. जमीन खंडानें घेणाऱ्यानें अगर विकत घेणाऱ्यानें वर सांगितलेला खड्डा घेऊन पाहिल्यावांचून बोली ठरवूं नये. वर स्वच्छ दिसणाऱ्या उन्हाळी रानांत खालीं काय निजलें आहे हें त्याखेरीज कळत नाहीं.

बंदोबस्ताचे उपाय

(१) उन्हाळी नांगरट.— लव्हाळ्याच्या गांठीस कोरडेपणा सोसत नाहीं. रब्बीचें पीक निघतांच पाणी तोडावें, सहा ते आठ इंच खोल नांगरावें, आणि रान चैत्र-वैशाखाच्या उन्हांत उघडें टाकावें. उघड्यावर पडून आठ-पंधरा दिवस कडक ऊन खाल्लेली गांठ बहुधा मरते. पण काळ्या जमिनींत मोठालीं ढेंकळें निघतात व त्यांच्या पोटांतील गांठीस ओल मिळत राहते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनीं आडवी पाळी देऊन ढेंकळें फोडावीं व उलटावीं. वर आलेल्या गांठी वेंचून बाहेर न्याव्या. ह्या काळांत एखादें पाणी सुटलें किंवा वळवाची सर आली तर उरलेल्या गांठी सांवरतात. तेव्हां पुढील उपाय ताबडतोब योजावा. हें काम कोरड्या रानांतच करावें. ओल्या रानांत रोटाव्हेटर फिरविणें म्हणजे लव्हाळ्याची लागण करणें होय.

(२) फुटवून मारणें.— वळवाच्या पावसानें किंवा एक हलकें पाणी देऊन गांठी फुटूं द्याव्या. कोंब चार-सहा पानांचे झाले, पण नव्या गांठी धरल्या नाहींत, अशा वेळीं, म्हणजे तीन आठवड्यांच्या आंत, पाळी घालावी. पुन्हा फुटतील, पुन्हा पाळी घालावी. प्रत्येक फुटीस गांठींतील सांठा खर्च होतो, आणि नवा सांठा करण्यापूर्वींच पानें गेलीं कीं ती अखेर रिकामी होते. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत स्मिथ व मेटन ह्यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्याच तत्त्वावर होते. तीन आठवड्यांहून अधिक अंतर न पडूं देतां दोन हंगाम मशागत चालू ठेविली असतां लव्हाळा जवळजवळ नाहींसा झाला.

येथें वाचकांस वाटेल कीं, माळ तोडल्यानें लव्हाळा वाढतो असें वर सांगून आतां पुन्हा तोडावयास कां सांगतां? ह्यांत विरोध नाहीं. तोडल्यानें निजलेल्या गांठी जाग्या होतात, हें खरें. जाग्या झालेल्या गांठीस तीन आठवड्यांत पुन्हा गांठलें तर ती मरणाच्या वाटेस लागते; तिला मोकळी सोडली तर ती दहांची धनीण होते. एक पाळी घालून थांबणारा लव्हाळ्याचा चाकर होतो. चार पाळ्या वेळेवर घालणारा त्याचा मालक होतो.

(३) सावलीचें पीक.— लव्हाळ्यास ऊन लागतें. सावलींत तो रोडावतो आणि गांठी कमी धरतो. म्हणून दोन पाळ्यांनंतर त्या रानांत ताग किंवा धैंचा दाट पेरावा. पीक पांच-सहा आठवड्यांत जमीन झांकतें आणि पुढें गाडल्यावर खतही होतें. जनावरें असतील त्यांनीं चाऱ्याची ज्वारी किंवा चवळी दाट पेरावी. ज्या तुकड्यांत लव्हाळा माजला आहे त्यांत दोन वर्षें कांदा-लसूण घेऊं नये. दाट वाढणारें पीक घ्यावें.

(४) उभ्या पिकांत खुरपणी.— पानें वरच्या वर खुडण्यांत अर्थ नाहीं. जमीन वाफशावर असतां खुरपें खोल घालून कंद व हातास लागतील तेवढ्या गांठी काढाव्या. पहिल्या व दुसऱ्या खुरपणींत वीस दिवसांहून अधिक अंतर पडूं देऊं नये. मजूर थोडे असतील तर सारें शेत एकदां खुरपण्यापेक्षां निम्मेंच शेत दोनदां वेळेवर खुरपावें.

(५) आच्छादन.— मिरची, टोमॅटो इत्यादि पिकांत काळा प्लास्टिक कागद अंथरण्याची चाल हल्लीं पडली आहे. इतर तणांवर तो चांगला चालतो; परंतु लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोंकदार असल्यानें तो कागद भोंसकून वर येतो. ह्याच्या उलट, उन्हाळ्यांत भिजविलेल्या वाफ्यावर पारदर्शक कागद घट्ट ताणून कडा मातीनें बुजविल्या, तर खालीं उजेड मिळाल्यामुळें कोंबाचीं पानें कागदाखालींच उघडतात व उष्णतेनें करपतात. रोपांच्या लहान वाफ्यांस चार ते सहा आठवडे असा कागद घालणें परवडतें. त्यानें वरच्या थरांतील गांठी कमी होतात; खोल गांठी मात्र उरतात.

(६) बांध व पाट.— शेत स्वच्छ करून पाटाच्या कडा तशाच ठेविल्या तर केलेलें सर्व काम फुकट. पाटाच्या दोन्ही बाजूंचा लव्हाळा प्रथम काढावा.

औषधांविषयीं दोन शब्द

उसांतील लव्हाळ्यासाठीं हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हें औषध आपल्या देशांत नोंदलेलें आहे. त्याचा परिणाम सावकाश दिसतो. पानें पिवळीं पडण्यास दिवस लागतात म्हणून लगेच दुसरा फवारा मारूं नये. ग्लायफोसेट हें औषध पानांतून गांठीपर्यंत उतरतें खरें, परंतु तें कोणतेंही हिरवें पीक मारतें. आणि आपल्या देशांत त्याची नोंद चहाचे मळे व पीक नसलेल्या जागा ह्यांपुरतीच झालेली आहे. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. तेव्हां कोणतेंही औषध घेण्यापूर्वीं डब्यावरील पत्रक वाचावें व चालू नियम कृषि विभागाच्या अधिकाऱ्यास विचारावा. दुसरें असें कीं, औषध पानांवाटे जातें. ज्या गांठी निजलेल्या आहेत, ज्यांस पानेंच नाहींत, त्यांपर्यंत तें पोंचत नाहीं. म्हणून औषधवाल्यासही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीवांचून सुटका नाहीं.

भातखाचरांतील भाऊबंद

कोंकणांत व मावळांत भाताच्या खाचरांत लव्हाळ्यासारखींच दिसणारीं दुसरीं तणें येतात. त्यांत सायपेरस इरिया, सायपेरस डिफॉर्मिस व फिंब्रिस्टायलिस ह्या जाती मुख्य. दांडा तीनधारी पाहून शेतकरी त्यांसही लव्हाळाच म्हणतो. परंतु उपटून पाहिलें तर खालीं केवळ मुळ्यांचा झुपका असतो, गांठी नसतात. हीं वर्षायु असून त्यांचा वंश बियांवर चालतो, आणि बीं पुष्कळ धरतें. येथें उपायही निराळा. चांगली चिखलणी करून खाचरांत पाणी सारखें धरून ठेवावें, आणि फुलोरा पिकण्यापूर्वीं रोप उपटावें. खरा लव्हाळा दीर्घकाळ तुंबलेल्या पाण्यांत दबतो. तरी पाण्यांत तग धरणारे त्याचे प्रकार फिलिपाइन्सच्या भातशेतींत आढळले आहेत, म्हणून निव्वळ पाण्यावर विसंबूं नये. तात्पर्य, कोणतेंही काम सुरू करण्यापूर्वीं एक रोप मुळासकट उपटून पाहावें : गांठ आहे कीं नाहीं. उपायाची निवड त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

निसर्गांत ह्या कुळाची जागा

येथवर लव्हाळ्याचा बंदोबस्त सांगितला. आतां हेंही पाहिलें पाहिजे कीं जो गुण शेतांत दोष ठरतो, तोच पाणथळीच्या कांठीं उपकारक होतो. मुळांची व धुमाऱ्यांची दाट जाळी तळ्याचा व ओढ्याचा कांठ धरून ठेविते आणि वाहून येणारा गाळ अडविते. ह्या वनस्पतींच्या दाटींत मासे व बेडूक आसरा घेतात, पांखरें घरटीं करितात. ज्या गांठींनीं शेतकरी हैराण होतो त्या दुसऱ्या कोणाचें अन्न आहेत. कालिदासाच्या शाकुंतलांत डबक्यांतील मोथा उकरणाऱ्या रानडुकरांचा उल्लेख आहे, आणि आजही रानडुकरें त्यासाठीं जमीन उकरतात.

ह्याहून लक्षांत ठेवण्याजोगी हकीकत राजस्थानांतील भरतपूरची आहे. तेथील केवलादेव पाणथळींत सायबेरियांतून पांढरे क्रौंच पक्षी हिवाळा काढावयास येत. उथळ पाण्यांत चोंच खुपसून लव्हाळ्याच्या व त्याच्या भाऊबंदांच्या गांठी काढून खाणें हा त्यांचा मुख्य चरितार्थ. १९८२ सालीं तेथें म्हशींची चराई बंद करण्यांत आली. त्यानंतर पाण्यावर पसरणारें एक गवत इतकें माजलें कीं, बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर, म्हशींची चराई त्या पाणथळीस उपकारकच होती, असा निष्कर्ष काढला. त्या गवताच्या दाटीखालच्या गांठी काढणें पक्ष्यांस अवघड झालें. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर हे क्रौंच भरतपुरास आले नाहींत. त्याचीं कारणें अनेक होतीं व त्यांत दूरच्या वाटेवरील शिकारही होती. तरी वनस्पति, जनावर, पांखरूं आणि माणूस ह्यांचा मेळ किती नाजूक असतो हें ह्या उदाहरणावरून दिसतें. तेव्हां गांवतळ्याचा किंवा ओढ्याचा कांठ खरवडून उघडा करूं नये. शेताकडे येणाऱ्या पाटाच्या कडा साफ ठेवाव्या. तळ्याचा कांठ तळ्यास सोडावा.

उपयोग व बागेंतील स्थान

लव्हाळ्याच्या वाळलेल्या गांठी हाच वैद्यांचा मोथा होय. ज्वरांत देण्याच्या षडंगोदकांत पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ इत्यादिकांबरोबर तो घालतात, आणि दिवाळीच्या उटण्यांतही त्याचा सुगंध असतो. व्यापारांत नागरमोथा ह्या नांवानें सायपेरस स्कॅरिओसस ही दुसरी जातही विकली जाते व तिच्यापासून सुगंधी तेल काढतात. म्हणून विक्रीचा विचार असेल तर आधीं जात ओळखून घ्यावी. उन्हाळी नांगरटींत वेंचलेल्या गांठी धुऊन, वाळवून विकतां आल्यास मजुरीला हातभार लागेल. परंतु विक्रीच्या आशेनें त्याची लागण करण्याचा मोह कोणी धरूं नये.

ह्या कुळांत चटयांचा धंदा चालविणाऱ्या जातीही आहेत. तामिळनाडूंतील पट्टमडै येथील मऊ चटया आणि बंगालच्या मेदिनीपूर भागांतील मादुर ह्याच कुळांतील कोऱ्यांच्या विणतात. प्राचीन मिसर देशांत ज्यावर लिहीत असत तो पपायरस नाईल नदीच्या पाणथळींत वाढणारा लव्हाळ्याचाच थोर भाऊ. कसेरूचे कंद आपल्याकडे खाण्यांत आहेत. चिनी लोक ज्यास पाण्यांतील शिंगाडा म्हणून खातात तोही ह्या कुळांतला, आपल्या शिंगाड्याशीं त्याचें नातें नाहीं.

बागेच्या शोभेसाठीं ज्यास हें कूळ हवें असेल त्यानें छत्रीसारखीं पानें पसरणारा आफ्रिकेकडील लव्हाळा लावावा. त्यास शेतांतील लव्हाळ्यासारख्या गांठींच्या माळा होत नाहींत. त्याची लागवड मौजेची आहे : पानांची छत्री दोन इंच दांड्यासह कापून, पानें निम्मीं छाटून, पाण्यांत उपडी ठेवावी, कांहीं दिवसांत छत्रीच्या मध्यांतून मुळें व कोंब निघतात. विहिरीच्या थारोळ्याशीं किंवा न्हाणीच्या सांडपाण्याच्या खड्ड्यांत हें झाड चांगलें वाढतें व घाण पाणी शोषून घेतें. पपायरसही हौदांत शोभतो. दोन्ही झाडें कुंडींत किंवा पक्क्या कडेच्या खड्ड्यांत लावावीं. पाटाच्या कांठीं लावूं नयेत.

सारांश

पहिली गोष्ट, लव्हाळा पानांत नाहीं, गांठींत आहे. दुसरी, कोंब वर आल्यापासून तीन आठवड्यांची मुदत आपली, त्यापुढील त्याची. तिसरी, चैत्र-वैशाखाचें ऊन आणि तागाची सावली हे दोन चाकर अल्प खर्चांत मिळतात. त्यांस कामास लावावें. चौथी, पहिल्या वर्षाचें यश हें अर्धेंच यश असतें. येत्या उन्हाळ्यांत नांगर जुंपण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या रानांत फूटभर खड्डा घेऊन गांठी मोजाव्या, आंकडा वहींत लिहून ठेवावा, आणि पुढच्या वर्षीं त्याच जागीं पुन्हा मोजून पाहावें. आंकडा उतरत असेल तर मेहनत योग्य मार्गानें चालली आहे असें समजावें. चढत असेल तर पाळ्यांच्या तारखा तपासाव्या.